बारा बटणांचे शेषराव

नागपूर शहरातील तमाम नागरिकांस, ज्यांच्या घरी त्या काळी टीव्ही होता त्यांस आणि जे शेजाऱ्याच्या खिडकीतून पाहत त्यांसही, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आपल्या शहरात एक घनघोर युद्ध होऊन गेलं आणि त्याची दखल कुणीही घेतली नाही. सैन्य नव्हतं, तोफा नव्हत्या. लकडगंजातल्या एका रस्त्यावर समोरासमोर दोन दुकानं होती आणि दोन्ही दुकानांत सागाच्या खोक्यात बसवलेला टीव्हीवरचा खेळ विकायला होता. या युद्धाचे एक सेनापती शेषराव भोंगाडे यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. चांगले सापडेनात म्हणून उशीर झाला. आता जे सापडले ते लिहितो.

माझा छापखाना त्यांच्या दुकानाला लागून होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि शेषराव, हे माझे तीन नियमित धंदे. शेषरावांची पत्रकं मीच छापली, त्यामुळं या पापातला माझा वाटा मी आधीच कबूल करून टाकतो.

आधी तो खेळ काय होता ते सांगतो. गावात टीव्ही नुकताच आला होता आणि कार्यक्रम फक्त संध्याकाळी असायचे. उरलेला दिवस तो टीव्ही भरतकामाचं झाकण पांघरून दिवाणखान्यात बसून राही. त्याच्या रिकाम्या पडद्यावर खेळायचं यंत्र परदेशात निघालं होतं. खोकं टीव्हीला जोडायचं. खोक्यातून दोन वायरी निघत आणि प्रत्येकीच्या टोकाला एक मूठ असे. मूठ फिरवली की पडद्यावर एक पांढरी फळी वर-खाली होई, आणि एक पांढरा ठिपका, ज्याला सगळ्यांनी चेंडू समजायचं असं ठरलेलं होतं, त्या फळीनं टोलवायचा. असलं एक यंत्र कुणाच्या तरी जावयानं आणलेलं, शेषरावांकडं दुरुस्तीला आलं. ते उघडलं त्यांच्या दुकानातल्या कारागीर इंदूनं, बिघाड शोधला इंदूनं, आतली चिप मुंबईहून टपालानं मागवता येते हे शोधून काढलं इंदूनं. मग शेषराव स्टुलावर उभे राहिले आणि म्हणाले, "हे माह्या डोक्यात आधीपासूनच होतं."

हे वाक्य त्यांनी जन्मभर वापरलं. गावात पहिला कूलर आला तेव्हा तो त्यांच्या डोक्यात आधीपासून होता. मी छापखान्याला नवं मशीन घेतलं, तेही होतं. एवढं सगळं आत असताना डोक्याचा आकार लहान कसा, याचं मला नवल वाटे.

माणूस बुटका. सफारी घालायचा, आणि महत्त्वाचं बोलायचं झालं की स्टुलावर चढायचा. दिवसातून चार-पाच वेळा तरी महत्त्वाचं निघायचं. खिशाला तीन पेनं लावलेली, आणि एकही लिहीत नसे. सही करायची असली की ते माझं पेन मागून नेत. ते परत येत नसे. खिशातली तिन्ही पेनं मूळची माझीच होती, शाई संपल्यावर त्यांना बढती मिळाली होती.

पण शेषरावांचा खरा दागिना म्हणजे आरसा. ते गिऱ्हाइकाकडं तोंड आणि रस्त्याकडं पाठ करून बसत आणि गल्ल्याजवळ त्यांनी स्कूटरचा आरसा स्क्रूनं ठोकून बसवला होता. त्या आरशात समोरचं दुकान दिसायचं. गिऱ्हाईक बोलत असायचं आणि यांचे डोळे आरशात.

"काय करून राहिला तो?" मी विचारायचो.

"चहा पिऊन राहिला," शेषराव दबक्या आवाजात सांगत. "पण आज बशीत ओतून. काहीतरी आहे गा यात."

तो म्हणजे प्रभाकर निमजे. शेषराव त्याचं नाव घेत नसत, 'समोरचा' म्हणत. निमजे पूर्वी सायकलचे टायर विकायचा. शेषरावांच्या दारातली गर्दी बघून सहा महिन्यांत त्यानंही खोकी ठोकली. तोही काही थोर पुरुष नव्हता. चोरीचा खेळ चोरणारा दुसरा, एवढीच त्याची योग्यता. पण एक गोष्ट त्याला कळली होती आणि शेषरावांना शेवटपर्यंत कळली नाही. ज्या आरशात आपल्याला समोरचा दिसतो, त्यात समोरच्यालाही आपण दिसतो.

आता युद्धनीती ऐका.

मुठी लवकर तुटत. पोरं त्या पिळून काढत. तुटली की गिऱ्हाईक निमजेकडून नवी मूठ आणायचं आणि शेषरावांच्या खोक्याला लावायचं. हे शेषरावांच्या काळजाला लागलं. त्यांनी खराद, म्हणजे लेथ, चालवणारा एक कारागीर गाठला आणि असं सॉकेट बनवून घेतलं की ज्यात जगातली कुठलीही पिन जाणार नाही. तीन भोकं, तिन्ही वेगळ्या आकाराची, त्यातलं एक तिरपं. "आता गिऱ्हाईक जाते कुठं! मूठ पाहिजे, तर माह्याच दारात यावं लागते." चाळीस खोक्यांना ती सॉकेटं बसली. पिना नंतर करायच्या होत्या. पण सॉकेटाच्या तिरप्या भोकावरून शेषराव त्या कारागिराला इतकं टोचून बोलले, की तो खराद बंद करून मौद्याला आपल्या शेतावर निघून गेला. राहिली चाळीस खोकी, ज्यांत खरोखरच जगातली कुठलीही पिन जात नव्हती. पहिल्याच गिऱ्हाइकानं, महाल भागातल्या एका मास्तरानं, खोकं परत आणून गल्ल्यावर ठेवलं. "शेषरावजी, कुलूप तर देल्लं, किल्ली कुठं आहे?"

इंदूनं कानस घेऊन पंधरा दिवस पिना घासल्या, हातानं. शेषराव स्टुलावरून म्हणाले, "घास घास. आपला माल खास आहे."

दुसरी नीती पत्रकाची. निमजेचा खप वाढतोय असं आरशात दिसलं, तेव्हा ते माझ्याकडं धावत आले. "लिही. दिवाळीत भोंगाडे यांचे नवीन मॉडेल. जुने सर्व विसराल. आता घाई करू नका." मी म्हटलं, शेषरावजी, नवं मॉडेल आहे कुठं? "नाही ना! पण त्याच्या गिऱ्हाइकाले काय माहीत? थांबते ते." मी छापलं. थांबलं ते खरं, पण शेषरावांचंच गिऱ्हाईक थांबलं. तोच मास्तर दुसरं खोकं पुतण्यासाठी घ्यायला आला होता, त्यानं पत्रक वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "मंग दिवाळीलेच येतो ना." दुकान दोन महिने ओस पडलं. तेव्हा शेषरावांनी दुसरं पत्रक काढलं, 'नवीन मॉडेल येणार नाही.' ते वाचून लोकांना वाटलं दुकान बंद होतंय, आणि चार लोक सांत्वनाला आले. निमजे स्वतः आला. आरशात तो रस्ता ओलांडताना दिसला, तेव्हा शेषराव गल्ल्याखाली वाकून बसले.

अशा माणसाचं दुकान चाललं कसं? चालवलं इंदूनं. इंदू रामटेके, इंदोऱ्याची. वडील मिलमध्ये होते. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या म्हणे, घरातल्या मुलींनी शिकायचं, आणि आपल्या वस्तूवर आपलं नाव घालायचं. इंदूच्या डब्यावर, छत्रीच्या दांड्यावर, पक्कडीवर सगळीकडं 'इंदू रामटेके' कोरलेलं असायचं. आयटीआयमध्ये, वर्गातली एकटीच मुलगी म्हणून, रेडिओचं काम शिकून ती शेषरावांकडं लागली. बोलायची कमी. पडद्यावर चुकीची रेघ दिसली की नुसती "हं" म्हणायची, आणि त्या 'हं'पुढं शेषराव स्टुलावरून उतरत. प्रत्येक खोक्याच्या आतल्या बाजूला, झाकण लावायच्या आधी, ती वायरी जोडायच्या तापलेल्या कैयाच्या टोकानं लाकडावर आपलं नाव जाळून लिहायची. शेषरावांनी हे एकदा पाहिलं. तेव्हापासून झाकण लावायच्या आधी ते पॉलिश पेपर घेऊन आतून घासत बसत. यंत्र बनवण्यात त्यांच्या हातचं काम तेवढंच.

या इंदूनं आठ महिने खपून एक खेळ बनवला. परदेशी चेंडूफळी नाही, आपल्या आट्यापाट्या! पडद्यावर चार आडव्या रेघा, प्रत्येक रेघेवर पहारा देणारा एक ठिपका, आणि आपला ठिपका हुलकावण्या देत खालून वर काढायचा. मुंबईहून आलेल्या चिपेत जे येतं तेवढंच दाखवायचं, ही सगळ्या खोकीवाल्यांची अक्कल. इंदूनं वेगळे भाग जोडून, सर्किटच्या पट्टीवर पट्टी चढवून, स्वतःचा खेळ उभा केला. पहिल्यांदा तिनं मला दाखवला तेव्हा मी वाकून, अंग वळवून, पाय आपटून खेळलो आणि पहिल्या पाटीवरच मेलो. इंदू हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तिनं शेषरावांना स्पष्ट सांगितलं, "हा खेळ मी तुमच्या दुकानातून काढतो जी. पण डब्ब्यावर माह्यं नाव पाहिजे. बाहेरून. जिथं लोकायले दिसते तिथं."

तिला हवं होतं ते एवढंच. शेषरावांनी देव्हाऱ्याकडं हात करून शब्द दिला. खोक्याच्या दर्शनी पट्टीवर वर 'आट्यापाट्या', खाली 'इंदू रामटेके', आणि कोपऱ्यात सुरू करायचं एक बटण. कस्तुरचंद पार्कवरच्या हिवाळी प्रदर्शनात ते मांडायचं. पट्टीवर चिकटवायचं नाव मी छापून दिलं. इंदूनं ते उन्हात धरून पाहिलं. मग माझ्याच मशीनवरून फडकं घेऊन हात पुसले आणि पुन्हा पाहिलं.

आणि इथं आरशानं घात केला.

प्रदर्शनाला पंधरवडा उरला असताना निमजेनं आपल्या दुकानात, बरोबर आरशात दिसेल अशा जागी, एक नवं खोकं आणून ठेवलं. त्यावर आठ बटणं होती. शेषरावांचा चहा घशात अडकला. "आठ! आठ बटनं! काय काय करत असन ते मशीन?" तीन दिवस ते आरशासमोरून उठले नाहीत. बटणं मोजत, वहीत आकृती काढत. चौथ्या दिवशी इलेक्ट्रिकच्या दुकानातून दारावरच्या घंटीची बारा बटणं आली.

"शेषरावजी, या खेळाले एवढे बटनं लागतच नाही," इंदू म्हणाली. "एक बटन पुरते."

"लोक एकासाठी येते का वं? लोक मोजते! त्याचे आठ, आपले बारा. संपला तो."

"जोडू कशाले यायले?"

"कशालेच नको जोडू. दिसले पाहिजे."

बारा बटणांना बारा नावं मला छापायला लावली. तुफान, वेग, शक्ती, सुपर, मास्टर, अंतराळ, असली. मी सुचवलं, एकावर निदान 'सुरू' लिहा. शेषराव माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहत राहिले. "सुरू समोरच्याच्याही डब्ब्यावर आहे गा. मग आपल्यात वेगळं काय राहिलं?"

बारा बटणं पट्टीवर दोन ओळींत बसली आणि पट्टी भरली. खऱ्या बटणाला जागा उरली नाही. इंदूनं ते खोक्याच्या खाली, बुडाला बसवलं आणि तसं सांगितलंही. मी तिथंच होतो. "सुरू करायचं बटन खाली घातलं जी, बुडाले. हात खालून घालावा लागते." शेषराव आरशात पाहत म्हणाले, "हो हो, ते तू पाह्य."

जागा आणखी एका गोष्टीला उरली नव्हती. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी इंदू माझ्याकडं आली, तेव्हा शेषरावांनी घाईनं छापायला टाकलेली चिठ्ठी ओलीच होती. खोक्याच्या डोक्यावर लावायची. 'आट्यापाट्या. संशोधक व निर्माता : शेषराव भोंगाडे (स्वतः).'

तिनं ती दोनदा वाचली. "माह्यं नाव काहून नाही?"

मी खाली पाहत सांगितलं, "बटणं बारा झाली, पट्टीवर जागा नाही, म्हणाले."

"अन् वर त्यायच्या नावाले जागा झाली."

दोन्ही नावं माझ्याच खिळ्यांनी जुळवलेली. तिचं काढून त्यांचं बसवायला मला पाच मिनिटं लागली होती आणि त्या पाच मिनिटांत माझ्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. शेषरावांवर एवढं तोंडसुख घेतो आहे म्हणून हेही लिहून ठेवतो.

इंदू म्हणाली, "हं." आणि गेली.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण मला शेवट माझ्या आवडीच्या ठिकाणी करायचा आहे. दोन्ही दुकानं दोन वर्षांत बंद पडली. बाहेरून रंगीत खेळांची यंत्रं येऊ लागली आणि सागाची खोकी कुणी विचारीना. निमजे टायरकडं परत गेला. त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिका छापताना त्यानं मला हसत हसत सांगितलं, ते आठ बटणांचं खोकं रिकामं होतं. "आत नुसता पेंढा होता गा. त्याले मोजाले देल्लं होतं." शेषराव कूलर विकू लागले. तो त्यांच्या डोक्यात आधीपासूनच होता, हे आपण पाहिलंच. इंदूनं इंदोऱ्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि पाटी माझ्याकडून रंगवून घेतली नाही, स्वतः रंगवली. नाव रस्त्याच्या टोकावरून वाचता येतं.

पण मला शेषराव आठवतात ते कस्तुरचंद पार्कवरचे. भर दुपार, कापडाचा मंडप, टेबलावर टीव्ही, शेजारी बारा बटणांचं खोकं, आणि स्टुलावर, दुकानातून मुद्दाम आणलेल्या स्टुलावर, शेषराव. नवी सफारी, तीन पेनं. समोर दीडदोनशे माणूस, पुढच्या ओळीत एक नगरसेवक, तो महालातला मास्तर, आणि हाताची घडी घातलेला निमजे. इंदू टेबलामागं नव्हती. ती तिकीट काढून आली होती आणि गर्दीत, मधोमध, उभी होती. तिनं काही बिघडवलं नव्हतं. वायरी जोडलेल्या, टीव्ही लावलेला, सगळं तिनं सकाळी येऊन नीट करून ठेवलं होतं आणि मगच गर्दीत जाऊन उभी राहिली होती.

शेषराव बोलले, आणि काय बोलले! ही कल्पना त्यांना लहानपणी आट्यापाट्या खेळताना सुचली. रात्रंदिवस एकट्यानं खपले. कुणाची मदत नाही, कुणाचा सल्ला नाही. "या मशीनचा एक-एक स्क्रू या हातानं पिळला आहे," म्हणत त्यांनी दोन्ही हात वर केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नगरसेवकानं पुढं होऊन मूठ हातात घेतली आणि पडद्याकडं पाहू लागला.

शेषरावांनी 'तुफान' दाबलं.

पडद्यावर मुंग्या. शेषराव हसले आणि त्यांनी 'शक्ती' दाबलं. मग 'वेग'. मग 'अंतराळ'. एकेक बटण दाबताना ते लोकांकडं पाहून मान डोलवत, जणू हा सगळा विधीच आहे. सहाव्या बटणानंतर मान डोलायची थांबली. नवव्यानंतर मास्तर मोठ्यानं मोजू लागला, "दहा... अकरा..." आणि त्याच्याबरोबर मागची पोरंही. बारावं दाबून झालं. मुंग्या तशाच. शेषरावांनी पुन्हा पहिल्यापासून दोन-दोन एकदम दाबून पाहिली. सफारीच्या पाठीवर घामाचा डाग पसरत गेला. त्यांनी सवयीनं डावीकडं पाहिलं, जिथं दुकानात आरसा असायचा. तिथं मंडपाचा बांबू होता.

निमजे म्हणाला, "बारा आहे हो, बारा! मोजून घ्या!"

हशा उसळला. नगरसेवकानं मूठ टेबलावर ठेवली. इंदू हलली नाही. ती फक्त पाहत होती, चुकीच्या रेघेकडं पाहायची तशी. आणि शेषरावांचे डोळे गर्दीतून भिरभिरत फिरले आणि तिच्यावर येऊन थांबले. त्या क्षणी ते स्वतःला विसरले, भाषण विसरले, नगरसेवक विसरले, खोक्याच्या डोक्यावर डकवलेलं ते (स्वतः) विसरले, आणि दीडदोनशे माणसांच्या डोक्यांवरून, दुकानात रोज मारायचे तशी, खणखणीत हाक मारली :

"इंदू! सुरू कुठून होते वं हे?"